उद्दिष्टे तुमची, कंबर आमची

प्रति,
देशाच्या आरोग्याची पुढची उद्दिष्टे लिहिणारी सर्व मंडळी,
केंद्रीय आरोग्य व कुटुंबकल्याण मंत्रालय आणि नीती आयोग,
नवी दिल्ली

स. न. वि. वि.

पुणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, घाटमाथ्याजवळच्या एका गावातून हे पत्र लिहिते आहे. बत्तीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवले. आता निवृत्त आहे आणि गावच्या आरोग्य समितीची सदस्य आहे. समितीचे कागदावरचे नाव लांबलचक आहे: ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती. गावात तिला ‘दहा हजारवाली कमिटी’ म्हणतात. वर्षाला दहा हजारांचा अबंधित निधी, म्हणजे कशावर खर्चायचा ते गावाने ठरवायचा पैसा, येतो (ज्या वर्षी येतो त्या वर्षी), तेवढीच तिची ओळख.

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात आपण जी उद्दिष्टे घातली होती, त्यातल्या बऱ्याच उद्दिष्टांची मुदत २०२५ ची होती. ती सरली. म्हणजे आज ना उद्या आपण नवी यादी करायला बसणार. बसण्याआधी एका पाठकोऱ्या कागदाची हकीकत ऐकून घ्या.

गेल्या थंडीत आमच्या महिला ग्रामसभेपुढे ‘आरोग्यदायी गाव’ हा विषय होता. गावाच्या विकास आराखड्यासाठी ज्या नऊ संकल्पना दिल्या आहेत, त्यातली ही एक. एरवी ग्रामसेवक विषय वाचतात, सगळ्या ‘मंजूर’ म्हणतात, प्रोसिडिंग बुक सह्या-अंगठ्यांसाठी फिरते आणि बायका चुलीकडे पळतात. त्या दिवशी मी म्हटले, थांबा जरा. देशाच्या आरोग्याचं काय साधायचं ते दिल्लीत ठरतं. ते तुम्हाला ठरवायला दिलं तर काय सांगाल?

आधी हशा पिकला. मग मागून एक आजी म्हणाल्या, “बाई, कंबर लिवा.”

मी लिहिली. कंबरेमागून गुडघे आले. मग एप्रिल-मेचे पाणी. साप. दारू. रात्रीची गाडी. दात. दातावर पाच मिनिटे चर्चा झाली, कारण निम्म्या जणी मिश्री लावतात आणि उरलेल्या निम्म्यांना ते ठाऊक आहे. सभा उठली, मी चप्पल शोधत होते, तेव्हा उंबऱ्याशी एक तरुण सून थांबली. खाली बघत म्हणाली, “अंगावरून जातंय, ते पण लिवता येतं का त्यात?” तेही लिहिले. घरी आल्यावर मुलाकडून मोबाइलवर आपले धोरण उघडून घेतले आणि शेजारी तो कागद ठेवला.

आपल्या यादीत चुकीचे काही नाही, हे आधीच सांगते. सरासरी आयुर्मान ६७.५ वरून ७० वर न्यायचे, अर्भक मृत्युदर २०१९ पर्यंत हजार जन्मांमागे २८ वर आणायचा, मातामृत्यूचे प्रमाण २०२० पर्यंत लाख जन्मांमागे १०० वर आणायचे, २०२५ पर्यंत क्षयरोग हद्दपार करायचा. मातामृत्यूचे प्रमाण २०१८-२० मध्ये ९७ झाले. अर्भक मृत्युदर २८ वर आला, फक्त २०१९ ऐवजी २०२० मध्ये. क्षयरोगाचे राहिले. माझ्या लहानपणी बाळंतिणीला डोलीत घालून नेताना मी पाहिले आहे, त्यामुळे या आकड्यांची किंमत मला कळते. ठरले की मोजले जाते, मोजले की विचारणा होते, आणि विचारणा झाली की निदान गाडी तरी येते. बाळंतपणासाठी आज फोन केला की गाडी येते. कंबरेसाठी येत नाही, कारण कंबर यादीत नाही.

आणखी एक उद्दिष्ट होते. सरकारचा आरोग्यावरचा खर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर न्यायचा. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांत २०१४-१५ ला तो १.१३ टक्के होता आणि २०२१-२२ ला, म्हणजे कोविडच्या काळात, १.८४ टक्के. जी उद्दिष्टे नर्सबाई आणि आशाताईंनी डोंगर तुडवून गाठायची होती, त्यातली बरीचशी गाठली गेली. जे फक्त दिल्लीत आणि राज्यांच्या राजधान्यांत गाठायचे होते, त्याची ही गत. आमच्याकडे शिक्षकाच्या गोपनीय अहवालात अशा गोष्टीला ‘सुधारणेस वाव’ म्हणतात.

त्या सुनेच्या प्रश्नाकडे परत येते. १९८९ साली डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत केलेला अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. साडेसहाशे बायका तपासल्या. ९२ टक्के जणींना स्त्रीरोगाची काही ना काही तक्रार निघाली, आणि आधी कधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. तेव्हा सरकारी यादीत बाई होती ती दोनच रूपांत: गरोदर बाई आणि नसबंदीची बाई. मधल्या काळातली, अंगावरून जाणारी, कंबर धरून बसणारी बाई कुठल्याच रकान्यात बसत नव्हती. दुखणे घरोघर होते, पण ते लिहिलेले नव्हते, कारण कोणी विचारले नव्हते. साडेतीन दशकांनंतरही माझ्या गावातल्या पोरीला ते उंबऱ्याशीच, हळू आवाजातच विचारावे लागते.

सापाचेही तसेच. देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे गेली, म्हणजे वर्षाला अठ्ठावन्न हजारांच्या आसपास, असा अंदाज अभ्यासकांनी काढला आहे. मरणारे बहुतेक खेड्यातले, शेतातले. सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा आला मार्च २०२४ मध्ये. आला हे चांगलेच झाले. पण भातखाचरात उभ्या असलेल्या कुठल्याही बाईला २००२ च्या धोरणाआधी किंवा १९८३ च्या धोरणाआधी विचारले असते, तर तिने हे दुखणे पहिल्या तिनांत सांगितले असते.

साप म्हटला की मला एक पावसाळा आठवतो. तेव्हा मी नोकरीत होते. २००७ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात महाराष्ट्रातल्या पाच जिल्ह्यांत आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली: अमरावती, नंदुरबार, तेव्हाचा उस्मानाबाद, ठाणे आणि आमचा पुणे. गावातल्या लोकांनीच आपल्या सेवेला शेरे द्यायचे. चांगली असेल तर हिरवा, बरी असेल तर पिवळा, वाईट असेल तर लाल. मी कमिटीत नव्हते, पण कागद वाचून दाखवायला आणि रंग भरून द्यायला शाळेतल्या बाई हव्या असत. खडूंची पेटी माझ्याकडेच होती.

त्याच काळात वाडीवरच्या एका ताईंच्या मुलाला बांधावर घोणस चावली. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नेले तर लस संपलेली. “तालुक्याला न्या.” जीप मिळेपर्यंत पाऊण तास, घाट उतरायला आणखी एक. पोरगा वाचला, उजव्या हाताची दोन बोटे गेली. पुढे जनसुनवाई झाली. मांडव, समोर टेबलावर अधिकारी, आणि सतरंजीवर आम्ही. ताईंनी माइक हातात घेतला आणि काहीच बोलल्या नाहीत. मुलाचा हात धरून वर केला, एवढेच. टेबलामागे कोणीतरी साठा नोंदवही मागवली. नोंदवहीत दोन महिने शून्य होते.

पंधरा दिवसांत केंद्राच्या दारात फळा लागला. वर पांढऱ्या रंगाने ‘आजचा औषधसाठा’, खाली खडूने रोजचा आकडा. सापाची लस, विंचवाच्या गोळ्या, कुत्र्याची लस. डॉक्टर चांगले होते, त्यांनाही हे हवेच होते. वर मागणी करून ते थकले होते. आमच्या आरडाओरड्याने त्यांचेच काम सोपे झाले, असे त्यांनी मला नंतर सांगितले. असे फक्त आमच्याकडेच झाले नाही. त्या पाच जिल्ह्यांतल्या पहिल्या तीन फेऱ्यांत ‘चांगली’ या शेऱ्याचे प्रमाण निम्म्यापेक्षा थोडे कमी होते, ते दोन तृतीयांशाच्या आसपास गेले. नवीन इमारती बांधून नव्हे. कोणीतरी बघते आहे, आणि बघणारा पुढच्या महिन्यात पुन्हा येणार आहे, एवढ्यानेच.

इथपर्यंत आपल्याला पटायला हरकत नसावी. लोकांना विचारले की सेवा सुधारते. पण मला त्याच्या पुढचे म्हणायचे आहे. एकत्र बसणे, बोलणे, मागणे, ठरवणे याने सेवा तर सुधारतेच, माणूसही सुधारतो. हे माझे मास्तरकीतले मत म्हणून सोडून देऊ नका. झारखंड आणि ओडिशात ‘एकजूट’ या संस्थेने २००५ पासून गावोगावच्या बायकांचे गट जमवले. महिन्यातून एक बैठक. चित्रांचे पत्ते, गोष्टी, आणि आपल्या गावात बाळे का जातात यावर चर्चा. काय करायचे ते बायकांनीच ठरवायचे. २०१० मध्ये निकाल प्रसिद्ध झाले. जिथे असे गट होते, तिथे तीन वर्षांत नवजात बालकांचे मृत्यू ३२ टक्क्यांनी कमी निघाले. त्याच पाहणीत आयांच्या मनाचीही नोंद होती. सरसकट फरक पडला नाही, पण तिसऱ्या वर्षी मध्यम स्वरूपाच्या नैराश्याचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. कोणी गोळी दिली नव्हती, समुपदेशक नेमला नव्हता. महिन्यातून एकदा बायका बसत होत्या.

आता आपल्यातला एखादा हुशार माणूस म्हणेल, ग्रामसभेने बीपी वाढतो, उतरत नाही. खरे आहे. आमच्या एका माजी सरपंचांना सभेतच घाम फुटून तालुक्याला न्यावे लागले होते. दुसरा म्हणेल, ज्याला चालता येते तोच सभेला येतो. धडधाकट माणसे सभेला येतात आणि तुम्ही म्हणता सभेमुळे धडधाकट झाली. हीही शंका रास्त आहे, आणि समाजकार्य करणारे म्हातारे धडधाकट राहतात असे सांगणाऱ्या पुष्कळ अभ्यासांना ती लागू पडते. म्हणूनच झारखंडचे उदाहरण दिले. तिथे कुठल्या गावांत गट करायचे ते चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले होते, हौशी गावे निवडली नव्हती. कोणाच्या हाती ठरवणे आहे, त्यावर काय बांधले जाते तेही बदलते. पश्चिम बंगाल आणि राजस्थानात सरपंचपद आरक्षणाने बाईकडे गेले, त्या गावांत पिण्याच्या पाण्यावर जास्त काम झाले, असे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात दिसले. आमच्या कागदावर पाणी का आले, ते यावरून कळेल. आमच्या बायकांच्या लेखी कंबर आणि पाणी ही दोन दुखणी नव्हेतच. हंडा एकच आहे.

दारूचे सांगते आणि मग मागण्यांकडे वळते. महाराष्ट्रात बायकांना देशी दारूचे दुकान मतदानाने बंद करता येते. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. आडव्या बाटलीला झालेल्या मतदानाच्या निम्मी मते पडून भागत नाही, यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त लागतात. आमच्या गावात असे मतदान झाले, तेव्हा कितीतरी बायका नारायणगावच्या बाजूला बागांवर कामाला गेलेल्या. जी बाई गावात नाही, तिचे मत आपोआप उभ्या बाटलीला. आम्ही सतरा मतांनी हरलो. दुकान आजही चालू आहे.

पण मतदानाच्या मागणीसाठी सह्या गोळा करायला आम्ही चार महिने वाड्यावस्त्या फिरलो. आमच्यात एक विधवा वहिनी होती. नवरा दारूने गेल्यावर दोन वर्षे ती घराबाहेर पडली नव्हती. पहिल्या दिवशी तिने फक्त पिशवी धरली. तिसऱ्या आठवड्यात दार तीच वाजवू लागली. मतमोजणीच्या रात्री सगळ्या रडल्या, ही मात्र म्हणाली, “सतराच कमी पडल्या ना? पुढच्या वेळी आणू.” झोपेची गोळी कधी सुटली ते तिलाही नीट आठवत नाही. मी डॉक्टर नाही. मी जे पाहिले ते सांगते.

तर, आमचे मागणे.

२०१७ च्या धोरणाचा मसुदा आपण डिसेंबर २०१४ च्या अखेरीस लोकांसमोर ठेवला होता आणि फेब्रुवारी अखेरपर्यंत सूचना मागवल्या होत्या. पाच हजारांवर सूचना आल्याचे नंतर सांगण्यात आले. मोठा आकडा म्हणून तो सांगितला गेला. एकट्या महाराष्ट्रात सुमारे अठ्ठावीस हजार ग्रामपंचायती आहेत. मसुद्यात एक फार मोलाचा प्रश्न होता: आरोग्य हा न्यायालयात मागता येईल असा मूलभूत हक्क करावा का? अंतिम धोरणात तो हक्क नव्हता, टप्प्याटप्प्याने द्यायची ‘हमी’ होती. कोणी काय सुचवले, किती जणांनी हक्क मागितला, का नाकारला, हे माझ्यासारखीला कधी कळले नाही. खरे तर तो मसुदा आमच्या तालुक्यात कोणी पाहिलाच नाही. मी तेव्हा शाळेत होते. परिपत्रके रोज येत, अगदी हात धुण्याच्या दिवसाचेही आले. हे आले नाही.

विचारण्याची रीत आपल्याकडे नवीन नाही. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला गेले, तेव्हा लोकांनी दवाखान्याआधी पाणी आणि अन्न मागितले. त्यांनी ते ऐकले, आणि आरोग्याचे काम तिथूनच उभे राहिले. प्राथमिक आरोग्यसेवेवरच्या जागतिक परिषदेच्या १९७८ च्या आल्मा-आटा जाहीरनाम्यात, आरोग्यसेवेच्या आखणीत आणि अंमलबजावणीत भाग घेणे हा लोकांचा हक्क आणि कर्तव्य आहे, असे लिहिलेले आहे. आपल्या देशाने तो मानला. अमेरिका १९८० पासून दर दहा वर्षांसाठी आरोग्याची उद्दिष्टे ठरवते, मसुद्यावर लोकांची मते मागवते, आणि २०३० साठीच्या चौकटीत आरोग्य घडवणाऱ्या सामाजिक गोष्टींत नागरी सहभागही धरला आहे. तिथे दवाखान्याच्या बिलाने माणसाचे दिवाळे निघते म्हणतात, त्यामुळे त्यांचे सगळेच उचला असे मी म्हणणार नाही. एवढे उचलायला हरकत नाही.

नवा मसुदा मराठीत पाठवा. शासन निर्णयाच्या मराठीत नव्हे, अंगणवाडी सेविकेला मोठ्याने वाचून दाखवता येईल अशा मराठीत. दोन पानांचा असला तरी चालेल. तो आधी महिला सभेत आणि मग ग्रामसभेत ठेवायला सांगा. कोरम नाही म्हणून सभा तहकूब झाली आणि तहकूब सभेत चौघांनी मंजूर केला, तर तो लोकांचा सल्ला धरू नका. गावाने काय सांगितले, त्यातले काय घेतले, काय सोडले आणि का सोडले, हे परत गावाला कळवा. नाही म्हणालात तरी चालेल. शाळेत मी मुलांच्या चुकीच्या उत्तरावरही लाल शाईने काहीतरी लिहीतच असे. कोरी परत केलेली वही मुलाला सर्वात जास्त लागते.

आणि उद्दिष्टांच्या यादीत एक ओळ आमच्या कमिटीची घाला. किती आरोग्य समित्या वर्षातून निदान सहा वेळा खरोखर बसल्या, म्हणजे सह्या घरोघर फिरवून नव्हे. त्यांनी मागितलेल्यापैकी किती मिळाले. निधी कुठल्या महिन्यात पोचला. हे मोजा. आमच्याकडे तो बहुतेकदा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात येतो आणि ३१ तारखेच्या आत खर्च दाखवा म्हणतात. मग सगळ्या गावांत एकाच दिवशी सतरंज्या आणि वजनकाटे घेतले जातात. आमच्या अंगणवाडीत तीन वजनकाटे आहेत.

यातले कुठलेही काम आशाताईंच्या गळ्यात मारू नका, एवढी विनंती. सभा भरवा, फोटो काढा, ॲपवर टाका, हे सगळे आधीच त्यांच्याकडे आहे आणि प्रत्येक कामाचा मोबदला वेगळा भांडून घ्यावा लागतो. लोकांचा सहभाग म्हणजे बाईची फुकटची मजुरी होता कामा नये.

राहिला फळा. ते डॉक्टर बदलून गेले, देखरेखीचे काम आमच्या भागात मंदावले, जनसुनवाई होऊन बरीच वर्षे झाली. परवा नातवाला घेऊन केंद्रात गेले होते. फळा दारात आहे. ‘आजचा औषधसाठा’ ही अक्षरे अजून वाचता येतात. त्याखाली लसीकरणाचे छापील पोस्टर चिकटवले आहे, त्यामुळे आकड्याची जागा दिसत नाही. मी आत जाऊन विचारले, सापाची लस आहे का? सिस्टर म्हणाल्या, “आहे, दहा.” मग बाहेर लिहा की, म्हटले. त्या म्हणाल्या, “लिहिलं काय, न लिहिलं काय, विचारतंय कोण बाई?”

शेवटी वेळेचे. मार्च-एप्रिलमध्ये आमच्याकडे बाळहिरड्याची धांदल असते, मे महिना पाण्यापायी जातो, जून-जुलैत लावणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी-झोडणी. २०१४ मध्ये आपण निवडलेली वेळ तशी अगदी बरोबर होती. भात घरात आलेले असते आणि २६ जानेवारीची ग्रामसभा तोंडावर असते. या वेळीही डिसेंबरातच पाठवा. बागांवर गेलेल्या बायकांना आम्ही त्या दिवसापुरते बोलावून घेऊ. पाठकोरा कागद जपून ठेवला आहे, त्याची नक्कल सोबत जोडते आहे.

कळावे,
आपली,
ग्राम आरोग्य समितीची एक सदस्य
(निवृत्त शिक्षिका)